धडा कुणी केला?

१

मांडवगण फराट्याहून निघालेली गेणबांची म्हैस दौंडला पोचलीच नाही. म्हणजे म्हैस गोठ्यातच होती आणि निवांत वैरण खात होती; हरवला होता तो तिचा फोटो. तिची कास सुजली म्हणून दूध केंद्रावरच्या संपतने फोटो काढला, केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून नदीपलीकडे दौंडला डॉक्टर अनुपमांच्या जनावरांच्या दवाखान्यात धाडला, आणि खाली लिहिलं, ‘फोटो पाठवलाय, बघा.’ लिहिलेलं पोचलं. फोटो काही पोचला नाही. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतःच गाडी काढून आल्या आणि म्हैस सावरली. पण तोवर बऱ्याच गाई, कालवडी आणि एक बोकड असेच मधल्या मधे गडप झाले होते.

मधे होती एक डबी. शिरूरच्या ‘घोडनेट’ नावाच्या चिमुकल्या कंपनीने ती बनवली होती. केंद्रातला कॉम्प्युटर आणि नदीपलीकडे जाणारी लाइन यांच्या मधे बसायचं आणि इकडची माहिती तिकडे करायची, एवढंच तिचं काम. दौंडकडच्या एका दूध संघाने ती चाचणीसाठी लावून घेतली होती, आणि चाचणीतच तिने माती खाल्ली.

कंपनीतून बाहेर पडणारी प्रत्येक डबी महेजबीनच्या हाताखालून जायची. बाजारपेठेतल्या गनीशेठ तेलवाल्यांची ही लेक. इंजिनियर झाली, पण स्वभाव दुकानदाराचाच राहिला. कुणी काही सांगितलं की मान हलवायची आणि मग स्वतः तोलून बघायची. त्या सकाळी ती चहाचा कप घेऊन बसते न बसते तोच मालक रविराजदादा तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, की चहा तिथेच निवला.

“सत्यजीतनं घात केला,” ते म्हणाले.

“कसला घात?”

“पाकिटाच्या मापाचा आकडा त्यानं बदललाय. त्याचं नाव हाय तिथं, मी डोळ्यानं बघितलं. आन् पुण्याची एक कंपनी त्याला बोलावतीये, हे बी कळलंय मला. आपली डबी पाडायची आन् तिकडं मोठ्या खुर्चीत जाऊन बसायचं. आबांना सांगितलं मी. परवा दौंडला माणूस धाडून लगीन मोडणार हायेत.”

महेजबीनने कप बाजूला सारला. कारण लग्न ठरलं होतं ते कंपनीचं दौंडचं काम बघणारा सत्यजीत आणि सायली यांचं. सायली म्हणजे रविराजदादांची चुलत बहीण, केंदूरच्या मारुतराव आबांची नात, आणि महेजबीनच्या शेजारच्या टेबलावर बसणारी तिची जिवाची मैत्रीण. ही दोघं एकमेकांवर जीव टाकतात हे साऱ्या ऑफिसला दिसत होतं, फक्त त्या दोघांनाच दिसत नव्हतं. ते त्यांच्या कानावर घालण्याचं पुण्यकर्म महेजबीननेच केलं होतं.

“दादा, परवापर्यंत मला शोधू द्या,” ती म्हणाली. “चोर सोडून संन्याशाला सुळी नको.”

“शोध. पर त्यो संन्याशी न्हाई, येवढं ध्यानात ठेव.”

२

आता हे पाकिटाचं प्रकरण थोडं समजून घेऊ, फार अवघड नाही. फोटो तारेतून अख्खा जात नाही. त्याचे तुकडे करतात, एकेक तुकडा पाकिटात घालतात आणि वर वेष्टन चढवून पत्ता टाकतात. पाकीट जास्तीत जास्त केवढं चालेल, ते डबीच्या ड्रायव्हरमध्ये ठरवलेलं असतं. ड्रायव्हर म्हणजे डबीतल्या चिपला हाकणारा प्रोग्राम. चिपचं माप दौंडला बसून सत्यजीत द्यायचा आणि ड्रायव्हर शिरूरला बसून सायली लिहायची.

मापाची गंमत अशी, की ते दोन तऱ्हांनी सांगता येतं. वेष्टनासकट धरलं तर पंधराशे अठरा बाइट. वेष्टनाचे अठरा वजा केले की आतला माल उरतो पंधराशे. गनीशेठच्या दुकानात गिऱ्हाईक किटली घेऊन आलं की तेल ओतण्याआधी ते किटलीचा धडा करतात. रिकाम्या किटलीइतकं वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला तेलाचेच पैसे पडतात, किटलीचे नाही. महेजबीनने हा शब्द कंपनीत आणला आणि तो तिथे असा रुजला, की वेष्टन वजा करण्याला कुणी दुसरं काही म्हणेनासंच झालं.

पहिला संशयित संपत. डबी बसवली त्या दिवसापासून तो कुरकुरत होता, म्हणून महेजबीन आधी मांडवगणला गेली. केंद्रावर दुधाचे कॅन धुऊन पालथे घातले होते, आणि संपत स्टुलावर बसून डबीकडे सासूने सुनेकडे बघावं तसा बघत होता.

“मॅडम, म्या कशाला बिघडवीन?” तो म्हणाला. “हिच्यापायी मलाच शिव्या खाव्या लागत्यात. गेणबा आप्पा तर म्हंत्यात, माझी म्हस तू मधीच इकली का काय.”

“सगळंच अडतं की काही जातं?”

“बारकं बारकं समदं जातंय. फ्याट किती, लिटर किती, निरोप, समदं. मोठं काय बी जात न्हाई. आन् डबी तोंडातनं शब्द काढत न्हाई. नको तर नको म्हण ना बाई. गिळून गप.”

“आधीची डबी होती ना तुमच्याकडे? ती कशी होती?”

“ती गुणाची व्हती.” संपतने कपाटातून जुनी डबी काढली. “काल इथं लावून बघितली. समदे फोटू पळाले. पर ती तुमचीच, परत द्यायची हाय म्हणून काढून ठिवली.”

महेजबीनने दोन्ही डब्या हातात घेतल्या. चिप तीच. चिपचं माप देणारा तोच, ड्रायव्हर लिहिणारी तीच. जुनी बनली उन्हाळ्यात, सायलीची सुपारी फुटायच्या आधी. नवी बनली त्यानंतर.

मधे बदललं होतं ते फक्त एक, त्या दोघांचं लग्न ठरलं होतं. हा विचार तिला अजिबात आवडला नाही.

३

सायली टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले, समोर डबा न उघडलेला. महेजबीनने खुर्ची ओढली.

“सायले, सरळ विचारते. तुला हे लग्न करायचंय ना?”

“करायचंय म्हणून तर सांगते,” सायली म्हणाली. “चूक माझी आहे. ड्रायव्हर माझा, जबाबदारी माझी. दादाला सांग, सत्यजीतचा काही संबंध नाही.”

“कुठली चूक?”

“असेल काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे काय? भाजीत मीठ पडलंय का काहीतरी?”

सायलीने डबा उघडला, पुन्हा बंद केला. एवढी हुशार पोर, पण खोटं बोलायला बसली की पहिलीतल्या मुलासारखी पकडली जायची.

महेजबीन दुपारी दौंडला गेली. सत्यजीत फोटोंची वाट बघत डॉक्टर अनुपमांच्या दवाखान्याच्या ओट्यावर डबी खोलून बसला होता. दाढी वाढलेली, आणि हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने तो डबीचं कमी, ओट्याचंच जास्त नुकसान करत होता. अनुपमाताई आतून म्हणाल्या, “याला आधी जेवायला सांगा. माझे पेशंट याच्यापेक्षा बरे खातात.”

“ताई, आकडा मीच बदलला,” महेजबीनने काही विचारायच्या आतच सत्यजीत म्हणाला. “चूक माझी. सायलीचं नाव मधे आणू नका.”

“आकडा काय केलास?”

“आधी पंधराशे अठरा देत होतो. या वेळी पंधराशे दिला.”

“का?”

त्याच्या गालावर लाली चढली, आणि ती काही अपराध्याची लाली नव्हती; महेजबीनला भाऊ होता, अशी लाली तिने अलीमच्या साखरपुड्यात बघितली होती.

“बरं, ते राहू दे. पुण्याच्या कंपनीचं काय?”

“बोलावलं होतं. नाही म्हणून टाकलं.”

“एवढी मोठी कंपनी, आणि नाही म्हणालास?”

“शिरूरपासून लांब कुठं जायचं मला,” तो म्हणाला. मग त्याला वाटलं आपण फार बोललो, म्हणून पुन्हा ओटा उकरू लागला.

परतीच्या वाटेवर महेजबीन डोकं धरून बसली. पंधराशे हा आकडा तर अगदी बरोबर होता, कुठल्याही पुस्तकात हाच सापडतो. अशा आकड्याने कुणी घात करत नाही. आणि इथे एका चोरीचे दोन चोर होते, दोघंही गुन्हा कबूल करायला एका पायावर तयार होते, आणि चोरी नेमकी काय झाली हे दोघंही सांगत नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी महेजबीनने माणसांना विचारणं सोडून दिलं आणि डबीलाच विचारायचं ठरवलं.

आधी एक कोडं होतं ते सुटलं. हीच डबी तिच्या टेबलावर पास झाली होती, ती कशी? टेबलावर ती घोडनेटच्याच दोन डब्या समोरासमोर बसवायची. दोघींचं माप एकच, त्यामुळे एक जेवढं देई तेवढंच दुसरी घेई. घरातल्या घरात सगळं गोड. परक्या कॉम्प्युटरचं पूर्ण मापाचं पाकीट दारात आलं की खरं रूप दिसायचं. तिने तसल्याच दुसऱ्या नव्या डबीला केंद्रावर आहे तसला कॉम्प्युटर जोडला आणि पाकिटं सोडायला सुरुवात केली. आधी लहान, मग मोठं, मग आणखी मोठं.

आतला माल चौदाशे ब्याऐंशी होईपर्यंत सगळी पाकिटं गेली. त्यापुढे एकाने वाढवलं की गडप. पुन्हा करून बघितलं. तेच.

चौदाशे ब्याऐंशी. हा आकडा कुणीच दिला नव्हता. सत्यजीतने दिले होते पंधराशे. पंधराशेतून हा आकडा वजा केला तर उरतात अठरा. बरोबर वेष्टनाइतके.

तिने सायलीने लिहिलेल्या ओळी काढल्या. तिथेही सगळं शिस्तीत होतं. चिपचं माप घ्या, त्यातून वेष्टनाचे अठरा वजा करा, उरेल तो आतला माल. उन्हाळ्यातल्या डबीत हेच होतं आणि ते बरोबर चाललं होतं. सत्यजीतची ओळ बरोबर होती. सायलीची ओळही बरोबर होती. दोन्ही बरोबर ओळी एकत्र आल्या की म्हैस हरवत होती.

“अगं, धडा केला का ते एकमेकांना...” असं मोठ्याने म्हणत महेजबीन शेजारच्या टेबलाकडे वळली, आणि थांबली.

सायली मान खाली घालून काम करत होती. तिचा फोन टेबलाच्या कडेला पालथा पडलेला. ऑफिसात पंखा तेवढा वाजत होता. या टेबलावरून पूर्वी दिवसातून कितीदा दौंडला फोन जायचा. “सत्यजीत, धडा केला का? मग मी करू?” त्या प्रश्नाने सगळ्यांचे कान किटले होते. रविराजदादा एकदा वैतागून म्हणाले होते, पोरी, त्याला धड्याचं पुस्तकच पाठव.

तो प्रश्न महेजबीनने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. आणि न ऐकल्याचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिने रविराजदादांना गाठलं.

“दादा, आज दुपारी केंदूरला सगळ्यांना जमवा. सत्यजीतलाही बोलवा.”

“सापडला का त्यो?”

“सापडला,” महेजबीन म्हणाली. “पण तो दौंडचा नाही. तुमच्याच घरातला आहे.”

५

केंदूरचं आबांचं घर म्हणजे नवा बंगला, स्लॅबवर सोलर आणि पुढे फरशीची ओसरी. ओसरीवर खुर्चीत आबा, बाजूला रविराजदादा. सत्यजीत पायरीपाशी उभा होता, कारण त्याला बस असं कुणी म्हटलं नव्हतं. सायली स्वयंपाकघराच्या दाराआड. दाराच्या उंबऱ्यावर सरूबाई आजी लसूण सोलत बसलेल्या. सत्यजीत आणि सायलीच्या मधे सारी ओसरी होती, आणि दोघंही एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होती.

“गनीची लेक ना तू?” आबा म्हणाले. “माणूस सरळ हाय तुझा बाप. हां, सांग. रविराज म्हंतो ड्रायव्हरमधी घोळ हाय. म्या पैल्यापास्नं सांगतोय, मग त्या ड्रायव्हरला धरा. ह्या पोराला कशाला उभा केलाय?”

“आबा, हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे,” महेजबीनने हसू आवरलं. तिने पाकिटाचं आणि वेष्टनाचं सगळं सांगितलं. धड्यापाशी आल्यावर आबांनी मान डोलावली. जन्मभर बाजार केलेला माणूस, धडा त्यांना काय समजवायचा.

“सत्यजीत,” ती वळली, “या वेळी आकडा देताना तू वेष्टन आधीच वजा केलंस. का?”

सत्यजीतने एकदा दाराकडे बघितलं. “दरवेळी ती फोन करून विचारायची, मी सांगायचो, तू कर. आता ती विचारू शकत नाही. तिचा गोंधळ नको म्हणून मीच करून ठेवला.”

“मग हे काल का नाही सांगितलंस?”

“तिने वजा करायचं नव्हतं, तरी केलं, असा अर्थ झाला असता. तिच्यावर आलं असतं.”

“आणि सायली, तू?”

दाराआडून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. “मला वाटलं, त्याने नेहमीसारखंच वेष्टनासकट दिलं असणार. त्याला कामं खूप. त्याला कशाला त्रास, म्हणून मी न विचारता वजा केलं. आणि नंतर वाटलं, हे सांगितलं तर सगळे म्हणतील, त्याने न सांगता आकडा बदलला.”

“म्हंजी दोघांनी बी धडा केला?” रविराजदादांनी विचारलं.

“दोघांनीही. एकाच किटलीचा दोनदा धडा केला की गिऱ्हाइकाच्या पदरात तेल कमी पडतं. डबीचं माप तसंच आखडलं. पूर्ण मापाचं पाकीट आलं, की ती म्हणायची हे माझ्या दारात मावत नाही, आणि मुकाट्याने टाकून द्यायची. दोघांनी एकमेकांची काळजी केली, दादा. घात कुणीच केला नाही.”

“पर विचारायचं ना एकमेकाला,” रविराजदादा चिडून म्हणाले. “दोन मिनटाचा फोन. तोंडं शिवली व्हती का?”

सत्यजीतने पायरीकडे बघितलं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मग हळूहळू, एकेक करून, सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे वळले.

सुपारी फुटली त्याच दिवशी, याच ओसरीवर, आबांनी बजावलं होतं. लगीन होईस्तवर नवरानवरीनं येकमेकाशी बोलायचं न्हाई. फोनवर बी न्हाई. आमच्या घरात तशी रीत हाय. रविराजदादा तेव्हा शेजारीच बसले होते आणि त्यांनी मान हलवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

६

आबांनी घसा खाकरला.

“रीत काय म्या न्हाई काढली,” ते म्हणाले. आवाज चढा होता, पण त्यात जोर नव्हता. “माझ्या लग्नात बी तेच. अंतरपाट निघस्तवर हिचा आवाज कसला हाय, ते बी ठावं नव्हतं मला. म्हणून आमचं काय बिघडलं? इतकी वर्सं संसार केला. इचारा हिला.”

सरूबाई आजींनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. या घरात त्यांना कुणी काही विचारा म्हणायची वेळ सहसा येत नसे, त्यामुळे त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं, खरंच आपल्यालाच विचारताहेत का म्हणून.

“बिघडलं काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “लगीन झाल्यावर बोला, असं समदी म्हणाली व्हती. मी आजून वाट बघतीया.”

आजींनी ते रागाने म्हटलं नव्हतं. कुणाला सांगायची म्हणून ती तक्रारही नव्हती. जन्मभर मनात होतं आणि विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. हरवलेले फोटो कुठे अडले ते महेजबीनने शोधून काढलं होतं. पण या घरात एवढी वर्षं काय काय पोचलं नव्हतं, ते शोधायला ती आली नव्हती.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली आणि पुन्हा घातली.

“रविराज,” ते म्हणाले, “पावण्यांना उभं ठिवतात व्हय घरात? खुर्ची दे.”

रविराजदादा उठले. खुर्ची सत्यजीतपुढे ठेवून तिथेच घुटमळले. “चुकलो मी,” ते शेवटी म्हणाले. “तुला न विचारता तुझा निकाल लावला. मनात ठेवू नको, बाबा.”

“नाही ठेवत, दादा,” सत्यजीत म्हणाला. त्याचे डोळे मात्र खुर्चीवर नव्हते.

“खुर्ची हितं नगं,” आबा म्हणाले. “आत घिऊन जा. सायली, तुझं ते मशीन काढ. दोघं बसा आन् काय धडा करायचा त्यो यकदाच करा. दार उघडं ऱ्हाऊ द्या. आन् उद्यापास्नं फोन करा. रोज करा. रीत माझी हाय, मीच मोडतो.”

सायली दाराआडून पुढे आली. एवढे दिवस गप्प राहिलेली दोघं, आता एकदम बोलायला मोकळी, आणि कुणालाच पहिला शब्द सुचेना. महेजबीनने मैत्रिणीला पाठीवर हलकेच ढकललं. थोड्याच वेळात आतून दोघांचा आवाज यायला लागला, आधी दबकत, मग नेहमीसारखा, मग तर चक्क वाद. वजा तू करायचं की मी, यावरून दोघं हमरीतुमरीवर आली होती. महेजबीनच्या कानाला त्या भांडणाइतकं गोड आजवर काही लागलं नव्हतं. त्यांनी आकडा दुरुस्त केला, संपतला फोन करून डबीत तो भरायला लावला, आणि चहा व्हायच्या आत अनुपमाताईंचा निरोप आला. म्हशी, गाई, कालवडी, बोकड, सगळे दौंडला सुखरूप पोचले होते.

रविराजदादा संघाच्या लोकांना फोन करायला अंगणात गेले. महेजबीनही चपला घालून निघाली. फाटकापाशी तिने मागे वळून बघितलं.

ओसरीवर आबा आणि आजी दोघंच उरली होती. आजी ताटली उचलून आत जायला उठल्या, तसं आबांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

“बस जरा हितं,” ते म्हणाले.

“लसूण द्यायचाय आत.”

“दील कुणीतरी. बस.” आबांनी समोरच्या अंगणाकडे बघत विचारलं, “लई ऱ्हायलंय का बोलायचं?”

आजींनी ताटली खाली ठेवली. पदर सावरला आणि त्या खुर्चीत बसल्या.

“लई हाय,” त्या म्हणाल्या. “कुठनं सुरू करू?”